जीभ टाळूला चिकटते तेव्हा

तोंडाची कोरड, लाळ आणि त्यातून होणारे त्रास यांबद्दल वाचकांचे प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं मुंबई आणि आसपासची आहेत आणि बहुतेकांनी आरोपी आधीच पकडून ठेवला आहे: उकाडा, वय, नाहीतर ‘अंगातली उष्णता’. हे तिघेही बऱ्याचदा निर्दोष सुटतात. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : वय ६९. रात्री दोन-तीनदा जाग येते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असते. उशाशी तांब्या घेऊनच झोपतो. घरचे म्हणतात, वय झालं, त्यात मुंबईचा उकाडा. रक्तदाबाची एक गोळी, प्रोस्टेटची एक, तळपायांची आग होते म्हणून रात्रीची एक छोटी गोळी आणि सर्दी झाली की दुकानातून आणलेली गोळी, एवढंच घेतो. (मुलुंड)

‘एवढंच’ म्हणून जी यादी दिलीत, तिच्यातच उत्तर आहे. निरोगी माणसाच्या ग्रंथी सत्तरीतही घास चावताना जवळपास तरुणपणाइतकीच लाळ देतात. म्हातारपणी तोंड कोरडं पडतं, ते मुख्यतः म्हातारपणी गोळ्या वाढतात म्हणून.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानासमोर, जबड्याखाली आणि जिभेखाली. ओठ, गाल आणि टाळूच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक ग्रंथी असतात त्या वेगळ्या. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ करतात. ‘लाळ सोडा’ हा निरोप त्यांच्यापर्यंत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन पोचवतं. मूत्राशयाच्या स्नायूंना आवळायला सांगणारं रसायनही हेच. त्यामुळे वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेली सोलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन ही औषधं मूत्राशयाला गप्प करताना तोंडालाही गप्प करतात. प्रोस्टेटची तुमची गोळी नुसत्या टॅमसुलोसिनची असेल तर तिचा दोष थोडा. पण पुष्कळ गोळ्यांत टॅमसुलोसिनबरोबर वरच्यापैकी एक औषध जोडलेलं असतं, ते पाकिटावर बारीक अक्षरांत सापडेल. तळपायांच्या आगीसाठी रात्री देतात ती छोटी गोळी बहुधा अमिट्रिप्टिलिनची असते, तीही हाच निरोप अडवते. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन असतं, तेही त्याच जातीचं. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर लघवीवाटे पाणी जातं, हा आणखी एक हातभार. यांतल्या एकेका गोळीने फारसं बिघडलं नसतं. चौघींनी मिळून तोंड आटवलं.

रात्रीच का, हेही सांगतो. झोपेत लाळ सगळ्यांचीच जवळजवळ बंद असते. दिवसा भरपूर लाळ असलेल्याला ते जाणवत नाही. तुमची दिवसाचीच शिल्लक कमी. त्यात अमिट्रिप्टिलिन झोपताना घेतलेली, नाक चोंदलेलं आणि तोंड उघडं टाकून पंख्याखाली झोप.

काय करायचं? घरातली सगळी पाकिटं, काढे, चूर्ण, दुकानातून आणलेलं सगळं एका पिशवीत घालून नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि तोंड कोरडं करणारी यात कोणकोणती, हे स्पष्ट विचारा. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेतली तर चालेल का? मूत्राशयासाठी मिराबेग्रॉन चालेल का? तिचा रस्ता वेगळा आहे, कोरड कमी होते. अमिट्रिप्टिलिनची मात्रा कमी करता येईल का? सर्दीला नाकात मिठाच्या पाण्याचा फवारा पुरेल का? स्वतःच्या मनाने मात्र काहीही बंद करू नका, रक्तदाबाची गोळी तर मुळीच नाही.

आणि एक गोष्ट पत्रात ओझरती आली आहे, ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तळपायांची आग, रात्रीची तहान आणि रात्री उठावं लागणं ही तिन्ही एकत्र आली की गोळ्यांना दोष देण्याआधी साखर बघायची. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) या दोन्ही तपासण्या या आठवड्यातच करून घ्या.

तांब्याबद्दल: घटाघटा पाणी पिऊन कोरड पाच मिनिटं जाते आणि तासाभराने लघवीला उठावं लागतं. एक घोट घ्या, तोंडभर फिरवा, गिळा, बस्स. लाळेचा बुळबुळीतपणा म्युसिन या द्रव्यामुळे असतो आणि तोंड ओलं ठेवतो तो तोच. सारखं पाणी ओतून तोही धुतला जातो. औषधाच्या दुकानात कृत्रिम लाळेचं जेल मिळतं. झोपताना वाटाण्याएवढं घेऊन जिभेवर आणि गालांच्या आतून बोटाने फिरवा.

प्रश्न : कोरड खरी आहे की नुसता भास, हे घरी कळू शकतं का? (माहीम)

कळतं, आणि खर्च शून्य. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान करा, कारण लाळ दिवसाच्या वेळेनुसार कमी-जास्त होते. आधी दीड तास खाणं, चहा, दात घासणं, तंबाखू काही नको. खुर्चीत ताठ बसा, मान किंचित पुढे झुकवा. एकदा गिळून तोंड रिकामं करा आणि घड्याळ लावा. मग पंधरा मिनिटं गिळायचं नाही, बोलायचं नाही, जीभ-गाल हलवायचे नाहीत. साठलेली लाळ दर मिनिटाला छोट्या वाटीत सोडायची. खाकरून काढायची नाही, नुसती ओघळू द्यायची. शेवटी फेस बसू द्या आणि सुई नसलेल्या पाच मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून मोजा.

साधारण साडेचार ते सहा मिली निघाली तर उत्तम. दीड मिलीपेक्षा कमी, म्हणजे मिनिटाला ०.१ मिलीच्या आत निघाली, तर लाळ खरोखर कमी आहे. मधल्या आकड्यांत गोम आहे. आपल्या नेहमीच्या प्रमाणाच्या साधारण निम्म्यावर लाळ आली की माणसाला कोरड जाणवू लागते. ज्याची मुळात भरपूर होती, त्याचा आकडा ‘बरा’ दिसूनही त्याला कोरड वाटते, आणि ती खरीच असते. म्हणून घरात कोणाला नवं औषध सुरू होणार असेल, तर आधी एकदा मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे तुलना करायला तेवढा एक आकडा फार कामाला येतो.

घाबरलेल्या दिवशी मोजू नका. भीतीने लाळ कमी आणि घट्ट होते. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात ‘तंडुलदिव्य’ नावाची परीक्षा आहे: संशयिताला तांदूळ चावायला द्यायचे आणि थुंकलेले तपासायचे. घाबरलेल्या निरपराध माणसाचंही तोंड कोरडंच पडणार, हे तेव्हा कोणी विचारलं असेल का कोण जाणे.

प्रश्न : रोज बदलापूर ते फोर्ट असा प्रवास. गाडीत सोय नाही, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात जायची इच्छा होत नाही, म्हणून सकाळी उठल्यापासून ऑफिसात पोचेपर्यंत पाणी टाळते. तोंड चिकट, आंबूस होतं. पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या असतात, ऑफिसात चार-पाच कटिंग होतात. दोन्ही वेळा ब्रश करूनही हिरडीलगत तीन दातांना कीड लागली. असं का? (बदलापूर)

पाणी का टाळता हे मुंबईत नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागणार नाही. त्यामुळे ‘भरपूर पाणी प्या’ हे कोरडं उत्तर आम्ही देत नाही.

आधी कीड. साखर तोंडात गेली की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांत तिचं आम्ल करतात. तोंडाचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम विरघळू लागतं. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं असेल तर तिथे पीएच सहाच्या वर असतानाच झीज सुरू होते. तुमची कीड हिरडीलगत का, ते यावरून लक्षात येईल. हे आम्ल मारायचं काम लाळेतल्या बायकार्बोनेटचं आणि गेलेलं कॅल्शियम-फॉस्फेट भरून द्यायचं कामही लाळेचंच. त्याला एरवी वीस ते चाळीस मिनिटं लागतात, कोरड्या तोंडात जास्त. आता हिशेब करा: पाच कटिंग आणि पाच लिमलेट, म्हणजे दहा वेळा. दर वेळी अर्धा तास धरला तरी रोज पाच तास दात आम्लात. दोन वेळचा ब्रश याच्यापुढे काय करणार? त्यात लिमलेट आंबट, म्हणजे साखरेचं आम्ल वेगळं आणि गोळीचं स्वतःचं वेगळं. लाळ सुटते हे खरं, पण महागात पडते.

बदल असे करा. चहा प्या, पण दोनदा, बसल्या बैठकीला संपवून. अर्धा कप टेबलावर ठेवून तासभर घोट घोट घेणं सगळ्यांत वाईट. लिमलेटच्या जागी झायलिटॉलची बिनसाखरेची च्युइंगगम, खाण्यानंतर दहा ते वीस मिनिटं. चावल्याने लाळ कित्येक पट वाढते आणि तिच्यात बायकार्बोनेटही जास्त असतं. दिवसाला पाच-सहाच्या वर नको, पोट ढिलं होतं. गम आवडत नसेल तर साधी भाजलेली बडीशेप किंवा धणाडाळ. रंगीत, साखरेत घोळवलेली बडीशेप म्हणजे पुन्हा लिमलेटच.

पाणी सोय असेल तेव्हा प्या: ऑफिसात पोचल्यापासून चारपर्यंत तासाला एक पेला. परतीच्या गाडीआधी तासभर थांबवा. सकाळी उठल्याउठल्या एक पेला घ्या, म्हणजे निघायच्या आत त्याचा निकाल घरीच लागतो. प्रवासात फक्त ओठ-जीभ भिजवण्यापुरता घोट. दुपारी लघवी फिकट पिवळी असेल तर हिशेब जमला.

टूथपेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची आहे ना, हे खोक्यावर बघा. ‘हर्बल’ लिहिलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. रात्री ब्रश झाल्यावर फेस थुंका, पण चूळ भरू नका. ही सवय लागायला जड जाते, पण उरलेलं फ्लोराइड रात्रभर काम करतं, आणि तेही लाळ बंद असते त्याच वेळी. अल्कोहोल असलेलं माउथवॉश मात्र टाळा, तोंड आणखी सुकतं.

प्रश्न : जेवायला बसलो की उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ येते, ठणकते, तासाभराने बसते. लोणचं नुसतं दिसलं तरी सुरू. गालगुंड असेल का? (लालबाग)

गालगुंड जेवणाच्या वेळा पाळत नाही. ते कानाखाली येतं, ताप आणतं आणि काही दिवस राहतं. तुमचं वर्णन लाळेच्या नळीतल्या खड्याचं आहे. असे दहांतले आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. तिची लाळ दाट असते, तिच्यात कॅल्शियम जास्त असतं, आणि नळी लांब असून खालून वर चढते. लोणचं दिसलं की ग्रंथी लाळ सोडते, वाट अडलेली असते, ग्रंथी फुगते.

आरशासमोर टॉर्च घेऊन उभे राहा. जीभ टाळूला लावा. जिभेखालच्या मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीएवढे दोन उंचवटे दिसतील, नळ्यांची तोंडं तीच. कापसाने जागा टिपून कोरडी करा आणि जबड्याखालून हलकेच दाबा. डावीकडे स्वच्छ थेंब येईल. उजवीकडे काहीच आलं नाही किंवा पिवळट गढूळ आलं, तर संशय पक्का. कधी कधी पिवळा ठिपका, म्हणजे खडाच, तिथे डोकावताना दिसतो. चिमट्याने काढायला जाऊ नका, आत सरकतो.

पाणी वाढवा. दिवसातून तीन-चारदा दहा मिनिटं गरम शेक द्या आणि मग जबड्याच्या कोनाकडून हनुवटीकडे बोटांनी दाबत आणा. शेकानंतर आमसुलाचा तुकडा चघळा, लाळेचा लोंढा खड्याला ढकलतो. पण आंबटाने कळ असह्य होत असेल तर वाट पूर्ण बंद आहे, मग आंबट बंद. पाच मिलिमीटरच्या आतले खडे अनेकदा असे निसटतात. चार-आठ दिवसांत फरक पडला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे सोनोग्राफी करून घ्या. ताप, पू, जिभेखालची जागा वर उचलली जाणं किंवा गिळायला त्रास, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी जा.

प्रश्न : वडिलांचं तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन चार महिन्यांपूर्वी संपलं. घास तोंडात फिरत राहतो, गिळता येत नाही. लाळ परत येईल का? (परळ)

थोडी येऊ शकते, आणि सावकाश. वर्ष-दोन वर्षांपर्यंत सुधारणा होत राहते. किती, ते कानासमोरच्या ग्रंथींना किती मारा बसला यावर आहे. सरासरी २६ ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप) आत ठेवता आला तर ग्रंथी बऱ्यापैकी सावरते. आयएमआरटी या रेडिएशनच्या पद्धतीत ग्रंथी वाचवून मारा देण्याचा प्रयत्न असतो. फाइलमध्ये हा आकडा असतो, तो डॉक्टरांना विचारा. ग्रंथीत जीव उरला असेल तर पायलोकार्पिन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात. घाम आणि लघवी वाढते. दमा आटोक्यात नसेल किंवा काचबिंदूचा काही प्रकार असेल तर चालत नाही.

जेवण पातळ करा. गुरगुट्या भात, वरण, तूप. मुगाची खिमट. भाकरी दुधात किंवा कमी तिखट आमटीत कुस्करून. ताक चालेल, आंबट नको. टोस्ट, खारी, फरसाण, पाव हे तोंडातला उरलासुरला ओलावाही शोषून घेतात. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसभरात पाच-सहा वेळा चुळा भरायला लावा. पाणी रोज ताजं करा. कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात. लाळ नसली की कवळीखाली बुरशी फार लवकर येते.

आता काळजीपूर्वक वाचा. त्यांचा दात दुखला तर गल्लीतल्या दवाखान्यात तो उपटून घेऊ नका. रेडिएशन बसलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही, हाड मरू शकतं. ही जोखीम वर्षानुवर्षं राहते. दंतवैद्यांना आधी फाइल दाखवा आणि उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलायला सांगा. खर्चाची अडचण असेल तर सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. दर तीन महिन्यांनी दात दाखवून फ्लोराइडचा लेप करून घ्या. हे पत्र ज्यांचं रेडिएशन अजून व्हायचं आहे अशा कोणाच्या घरी वाचलं जात असेल, तर खराब दात आधीच, सुरुवातीच्या दोन-तीन आठवडे अगोदर काढलेले बरे.

प्रश्न : वय ४६, कसलीही गोळी नाही. तोंड कोरडं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, सांधे दुखतात. पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. (चेंबूर)

तोंड, डोळे आणि सांधे हे त्रिकूट बघून शोग्रेनचा विकार तपासायलाच हवा. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर चालून जाते. रुग्णांत दहांतल्या नऊ बायका असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. हेन्रिक शोग्रेन हा स्वीडनचा डोळ्यांचा डॉक्टर, त्याने १९३३ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. आजही निदानाची सुरुवात अनेकदा डोळ्यांपासूनच होते: पापणीच्या कडेला कागदाची पट्टी अडकवतात, पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू कमी. मग रक्तात अँटी-एसएसए प्रतिपिंडं, आणि गरज पडली तर खालच्या ओठाच्या आतून बारीक ग्रंथींचा तुकडा. त्यासाठी संधिवाततज्ज्ञांकडे जा. कानासमोरची सूज एकदा येऊन बसेना, तर ती लवकर दाखवा; या विकारात लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, शक्यता वाढलेली असते. साखर आणि हेपटायटिस सी हेही त्याच वेळी तपासून घ्या.

प्रश्न : सुपारी चघळली की लाळ सुटते. मग कोरडीवर उपाय म्हणून चालेल? (कुर्ला)

सुटते, कारण तिच्यातलं अरेकोलिन ॲसिटिलकोलिनची नक्कल करतं. पण नुसती सुपारी, तंबाखूशिवायचीसुद्धा, कर्करोग करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच ती कर्करोगकारक ठरवली आहे. त्याआधी गाल आतून दोरखंडासारखे ताठ होतात आणि तोंड उघडेनासं होतं. आपली उभी तीन बोटं तोंडात शिरत नसतील तर आजच दंतवैद्याकडे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. साध्या सुपारीवर नाही, म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

प्रश्न : सकाळची चूळ न भरलेली लाळ काजळासारखी डोळ्यांत घातली की चष्म्याचा नंबर उतरतो, असं आजी सांगते. (गिरगाव)

रात्रभर लाळ बंद असते, म्हणून तोंडातले जंतू धुतले जात नाहीत आणि सकाळी ते सगळ्यांत जास्त असतात. सकाळची दुर्गंधी त्यांचीच. तेच डोळ्यात घालायचं? चष्म्याचा नंबर बुबुळाच्या वक्रतेवर आणि डोळ्याच्या लांबीवर ठरतो, लाळेचा त्याच्याशी संबंध नाही. कॉन्टॅक्ट लेन्स थुंकीने ओली करून घालणारेही आहेत. त्यांच्या बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. लेन्सचं द्रावण संपलं असेल तर त्या दिवशी चष्मा लावा.